रस्ता कोणाचा, ओझें कोणाचें : खानदेशांतील गाड्यांच्या वजनमर्यादेची कथा

रस्त्यावर गाडी किती मोठी असावी व तिनें किती ओझें वाहावें, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. इंजिनियर, वकील आणि फार तर मोटारमालक यांच्यापलीकडे कोणाला त्याची गोडी वाटावी असें त्यांत दिसत नाहीं. परंतु धुळें, जळगांव, अमळनेर, चाळीसगांव या बाजूला ज्यांचें लहानपण गेलें असेल, त्या श्रोत्यांना गांवाबाहेरच्या रस्त्याची पावसाळ्यानंतरची अवस्था आठवत असेल. आणि हा रस्ता कोणीं मोडला व आतां तो कोणीं नीट करावयाचा, यावरून पारावर झालेले वादहि आठवत असतील. आजच्या भाषणांत त्या वादाचा मागोवा घ्यावयाचा आहे. तो सुमारें दोनशें वर्षांचा आहे, आणि त्यांत एक चमत्कारिक गोष्ट पुन्हां पुन्हां दृष्टीस पडते : ज्याच्या पदरीं रस्ता दुरुस्त करण्याचें काम, त्याच्या हातीं गाडी अडविण्याचा अधिकार क्वचितच होता.

१८१८ मध्यें पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या अमलाखालीं आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें आपलें ठाणें धुळ्यास केलें. दक्षिणेंतून हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवरचें तें मध्यवर्ती ठिकाण होतें. वाट हा शब्द येथें मुद्दाम वापरला आहे. बांधलेली सडक म्हणावी अशी त्या वेळीं जिल्ह्यांत नव्हती. दूरचा माल हिंडे तो बहुतेक बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे समुद्राकडून मीठ वर नेत आणि धान्य, कापूस खालीं आणीत. लादणीच्या बैलाला सडक लागत नाहीं; त्याला चारा, पाणी आणि रात्रीं मुक्कामाला माळ मिळाला म्हणजे पुरे. त्याच्या ओझ्याची मर्यादा त्याची पाठच ठरवी. तेथें सरकारला सांगण्यासारखें कांहीं नव्हतें.

चाकाची गोष्ट निराळी. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन कापसाला जितकी चांगली तितकीच चाकाला वाईट. मृगाचा पाऊस पडला कीं ती मऊ होते, चाकाला चिकटते, आणि आरे दिसेनासे होईपर्यंत चाक म्हणजे चिखलाचा एक गोळा होऊन बसतें. म्हणून जुन्या वाटा शक्य तों मुरमाड अशा वरच्या अंगानें जात, आणि ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत लांबच्या वाहतुकीच्या गाड्या घरीं उभ्या राहत. उन्हाळ्यांत हीच जमीन भेगाळते, आणि ओली असतांना पडलेली चाकोरी दगडासारखी घट्ट होते. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्याच चाकोरींतून जावें लागतें. म्हणजे गाडीच्या दोन चाकांत अंतर किती असावें, हेंहि वाटच ठरवून टाकते. चाकोरी हा शब्द आज आपण मनुष्याच्या वागणुकीला लावतों; पण गाडीच्या मापावर पहिली मर्यादा घातली ती कोणत्याहि कायद्यानें नव्हे, या मातींतल्या चाकोरीनें. दुसरी मर्यादा घाटांची. मुंबईकडे जातांना लळिंग, राहूड आणि शेवटीं थळघाट. माळव्याकडे सेंधव्याजवळ बिजासन. दक्षिणेकडे सातमाळ्याची भिंत. घाटाच्या पायथ्याशीं जादा बैलजोडी लावावी लागे, आणि जेवढी जोडणी गाडीवानाला परवडे तेवढेंच ओझें वर चढे.

गाडीहि त्या वाटांना शोभेल अशीच होती. पुणें-सोलापूर बाजूला १८३६ च्या सुमारापर्यंत अखंड दगडाच्या चाकांच्या गाड्या चालत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आढळते. अशी गाडी ओढावयाला बैलांची रांगच लागत असली पाहिजे. १८३६ मध्यें लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्यानें सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें सुधारलेल्या गाड्या बांधविण्यास आरंभ केला. आऱ्यांचें हलकें चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि एका बैलजोडीनें ओढतां येईल असा सांगाडा, ही जी गाडी आपण पुढें पिढ्यान् पिढ्या पाहत आलों, ती देशावर सर्वत्र रुळली ती या नंतरच्या काळांत. शेतकऱ्याला तिनें मोठाच आधार दिला. मात्र तिच्या धावेची रुंदी दोन इंचांच्या आसपास. सारें ओझें तेवढ्या अरुंद लोखंडी पट्टीवर येऊन पडतें, आणि ती पट्टी खडीला चिरडीत, कांठाला कुरतडीत पुढें जाते. या दोन इंचांवरून शंभर वर्षांनीं केवढा वाद माजणार होता, याची कल्पना टेंभुर्णीच्या सुतार-लोहारांना नसावी.

मुंबई-आग्रा रस्ता ही खानदेशांतील पहिली मोठी सडक. मालेगांवाहून धुळें, सोनगीर, नरडाणें, शिरपूर असा तो तापी ओलांडून सेंधव्याकडे चढतो. लष्कर, टपाल आणि माळव्याची अफू यांच्यासाठीं तो सरकारला हवा होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना तसलाच रस्ता कापसासाठीं हवा होता. १८४८ मध्यें हिंदुस्थानांतील कापसाच्या लागवडीविषयीं चौकशी करण्यास पार्लमेंटनें जॉन ब्राइट याच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिच्यापुढें आलेल्या साक्षींत, आंतील मुलखांत रस्ते नाहींत म्हणून कापूस बंदरापर्यंत येतां येतां खराब होतो व महाग पडतो, ही तक्रार प्रमुख होती. त्या काळीं गाडीनें अधिकांत अधिक ओझें कसें वाहावें याचीच चिंता सर्वांना होती. कमी वाहावें असें कोणी म्हटलें असतें तर त्याला वेड्यांत काढलें असतें.

मग १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग याच सुमारास चाळीसगांव, पाचोरा, जळगांव करीत भुसावळपर्यंत पोंचला. जळगांव हें त्यापूर्वीं लहानसें गांव. युद्धाच्या चार वर्षांत तें कापसाचें मोठें पेठेचें ठिकाण झालें, आणि युद्ध संपून भाव कोसळतांच त्याला जबर ठोकरहि बसली. धुळ्यास १८६२ मध्यें व जळगांवास १८६४ मध्यें नगरपालिका स्थापन झाली, ती याच धामधुमींत.

आगगाडी आल्यावर रस्त्यावरचा भार हलका होईल अशी कल्पना पुष्कळांची होती. मुंबईकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्या थांबल्या हें खरें. परंतु भार नाहींसा झाला नाहीं, त्यानें जागा बदलली. पूर्वीं जो माल अनेक वाटांनीं पांगून जात असे, तो आतां चहूंकडून एकेका स्टेशनाकडे धावूं लागला. स्टेशनापासून पांच-दहा कोसांच्या आंतल्या रस्त्यांवर दिवाळी ते होळी कापसाच्या डोकड्यांनीं भरलेल्या गाड्यांची रीघ लागे. १९०० मध्यें चाळीसगांव-धुळें फांटा सुरू झाला आणि तापी व्हॅली रेल्वेनें नंदुरबार, अमळनेर हा प्रदेश सुरतेशीं जोडला, तेव्हां आणखी नव्या स्टेशनांभोंवतीं हाच प्रकार झाला. हे स्टेशनाकडे जाणारे रस्ते बहुधा सरकारी सडकांपैकीं नसत. ते असत लोकलफंडाचे.

लोकलफंड म्हणजे काय, हें तरुण श्रोत्यांना सांगितलें पाहिजे. १८६९ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा जादा घेण्यांत येई. त्या आण्याचे दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांना व एक हिस्सा शाळांना, अशी वांटणी होती. पंतोजीचा पगार आणि रस्त्यावरची खडी एकाच आण्यांतून निघे. पुढें लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणास अनुसरून १८८४ मध्यें मुंबईचा लोकलबोर्डांचा कायदा झाला, आणि जिल्हा व तालुका बोर्डांकडे ही कामें आलीं. १ जुलै १९०६ रोजीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगांवास एक व धुळ्यास एक अशीं दोन जिल्हा बोर्डें झालीं. रस्ते करावे, मोऱ्या बांधाव्या, नाल्यांवर फरशा घालाव्या, झाडें लावावीं, सगळें बोर्डानें करावें. मात्र या रस्त्यावरून अमुक वजनापेक्षां अधिक वजनाची गाडी जाऊं नये असें म्हणण्याचें व तें प्रत्यक्ष पाळावयास लावण्याचें साधन बोर्डापाशीं जवळजवळ नव्हतेंच. वजन करावयाचें कशानें? सबंध भरलेली गाडी तोलील असा कांटा जिनिंग-प्रेसच्या आवारांत किंवा रेल्वेच्या मालधक्क्यावर. रस्त्यावर कोठून असणार?

तेव्हां मर्यादेच्या जागीं किंमत आली. १८७५ च्या कायद्यानें रस्ते व पूल यांवर पथकर घेण्याची सोय झाली. नाक्यावरचा कारकून गाडी तोलीत नसे. गाडीला चाकें किती, जनावरें किती जुंपलेलीं, भरलेली कीं रिकामी, एवढेंच पाहून तो पैसे घेई. बैलांची संख्या हेंच वजनाचें माप! शहरांत १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें नगरपालिकेला हद्दींत ठेवलेल्या वाहनांवर व ओढीच्या जनावरांवर कर बसवितां येई, आणि बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर टोल घेतां येई. चाकपट्टी हा शब्द म्युनिसिपालिटीच्या अंदाजपत्रकांत दिसे तो याच संबंधानें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यानें महसुलावर आणा भरला, सडकेवर पथकर भरला, शहराच्या वेशींत टोल भरला. आणि एवढें भरल्यावर, माझ्या गाडींत चार मण अधिक घातले तर तुमचें काय बिघडलें, असें त्यानें विचारलें तर त्याला दोष देतां येत नाहीं. कर घेणाऱ्यानें रस्त्याचा वापर एक प्रकारें विकलाच होता.

ही अडचण कांहीं आपल्याच वांट्याला आलेली नाहीं. रोमन साम्राज्याच्या सरकारी डाकेच्या गाड्यांवर वजनाची मर्यादा होती. ५ व्या शतकांत संकलित झालेल्या थिओडोशियन संहितेंत जड मालगाडीस १५०० रोमन पौंड, म्हणजे आजच्या मापानें ५०० किलोहून थोडें कमीच, अशी ती सांगितली आहे. पण ती डाक सरकारची, गाड्या सरकारच्या आणि रस्तेहि सरकारचे. हुकूम देणारा आणि खर्च सोसणारा एकच. इंग्लंडांत तसें नव्हतें. तेथें १६२२ मध्यें पहिल्या जेम्स राजानें चारचाकी मालगाड्यांना व एक टनावरील ओझ्याला बंदी करणारें फर्मान काढलें. तें फारसें कोणीं जुमानलें नाहीं. १७५३ मध्यें पार्लमेंटनें मोठ्या मालगाड्यांचीं चाकें निदान ९ इंच रुंद असावीं असा कायदा केला. हेतु असा कीं, रुंद चाक रुळाप्रमाणें रस्ता दाबून काढील. गाडीवाल्यांनीं चाकें रुंद केलीं खरीं, पण तीं निमुळतीं केलीं. मापाला नऊ इंच भरत आणि चालतांना खडी दळीत. कायद्याच्या अक्षराला चाक लावून त्याच्या अर्थावरून गाडी नेण्याची ही विद्या सर्व देशांत सारखीच दिसते.

आतां कायद्यांतल्या एका शब्दाची गंमत सांगतों. १९१४ मध्यें हिंदुस्थानचा पहिला अखिल भारतीय मोटारवाहन कायदा झाला. कोणत्या रस्त्यावर मोटारी चालवूं द्याव्या, कोठें त्यांना मज्जाव करावा, याविषयीं निर्बंध घालण्याचा अधिकार त्यांत 'लोकल गव्हर्नमेंट'ला दिलेला होता. आज हे शब्द ऐकून जिल्हा बोर्ड किंवा नगरपालिका डोळ्यांसमोर येईल. पण त्या काळच्या कायद्याच्या परिभाषेंत लोकल गव्हर्नमेंट म्हणजे इलाख्याचें सरकार! धुळ्याच्या रस्त्यापुरतें बोलावयाचें तर तें 'लोकल' सरकार दोनशें मैलांवर मुंबईस बसे. जळगांव किंवा धुळ्याचें बोर्ड, ज्याला आपण स्थानिक म्हणतों, तें अर्ज करूं शके, ठराव करूं शके. मोटार अडविणें त्याच्या अधिकारांत नव्हतें.

पहिल्या महायुद्धानंतर सर्व्हिस-मोटारी व मालाच्या लॉऱ्या वाढल्या आणि रस्त्यावर खरा संग्राम सुरू झाला. तोंपर्यंतच्या सडका पाण्यानें दाबलेल्या खडीच्या. खडीच्या सांध्यांत मुरूम व बारीक कच बसते आणि तीच सर्वांना बांधून धरते. लोखंडी धावेची गाडी वरून खडी फोडी, पण तिच्या चाकाखालीं झालेला चुरा निदान जागेवर राही. वेगानें धावणारें रबरी चाक खडी फोडीत नसे. तें तो चुरा मागच्या मागें उडवून नेई. मग उघडी पडलेली खडी पुढच्या बैलगाडीच्या धावेखालीं सैल होऊन निखळे. मोटारवाले म्हणत, सारा नाश बैलगाडीच्या लोखंडानें होतो, तिला रबरी चाकें सक्तीचीं करा. बैलगाडीवाले म्हणत, आमच्या बापजाद्यांनीं याच रस्त्यावर गाड्या हांकल्या, धूळ कधीं एवढी उडाली नव्हती. दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. दोघे मिळून रस्ता जितका मोडीत, तितका एकट्याला मोडतां आला नसता. डांबर घातलें तर मोटारीचा प्रश्न मिटे, पण डांबराला पैसा लागे. आणि रबरी चाकें घातलीं तर बैलगाडीचा प्रश्न मिटे, पण तीं चाकें घेण्याइतका पैसा कुळवाड्याजवळ नव्हता. मुंबईत बसून ही सक्ती सुचविणें सोपें होतें.

१९२७ मध्यें बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्ते-विकास समिति नेमली गेली. १९२८ च्या अहवालांत तिनें स्वच्छ सांगितलें कीं, रस्त्यांचा वाढता खर्च आतां प्रांतिक सरकारें व स्थानिक संस्था यांच्या कुवतीबाहेर गेला आहे; मोटारीच्या युगांत रस्ता ही सगळ्या राष्ट्राची जबाबदारी आहे. पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ पासून मध्यवर्ती रस्ते-निधि उभा राहिला. या समितीचें महत्त्व आजवर पुष्कळांनीं वर्णिलें आहे, म्हणून येथें थांबत नाहीं. खानदेशच्या बोर्डांना अधिक जवळचा फेरफार १९३५ चा. मुंबई सरकारनें मोटारवाहनांवरील कराचा कायदा केला. मोटारींवरील निरनिराळे पथकर व स्थानिक संस्थांची मोटारींवरील चाकपट्टी यांच्या जागीं एकच प्रांतिक कर आला, आणि बुडालेल्या उत्पन्नाबद्दल स्थानिक संस्थांना सरकारांतून भरपाई मिळावी असें ठरलें. प्रवाशाच्या दृष्टीनें ही सुधारणाच. नाक्यानाक्यावर खोळंबणें गेलें. पण बोर्डाच्या दृष्टीनें, ज्या मोटारीला तें अडवूं शकत नव्हतें, तिच्याकडून स्वतःच्या हातानें दोन पैसे घेण्याचा अधिकारहि गेला.

१९३९ चा मोटारवाहन कायदा येईपर्यंत वजनमर्यादा ही खरोखरीची कायदेशीर वस्तु झाली नव्हती असें म्हणावयास हरकत नाहीं. या कायद्यानें प्रत्येक मालमोटारीचें रिकामें व भरलेलें वजन नोंदणीपत्रांत लिहिलें जाऊं लागलें, त्याहून अधिक भरणें हा गुन्हा ठरला, संशय आल्यास गाडी कांट्यावर नेऊन तोलण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस मिळाला, आणि एखादा रस्ता किंवा पूल यांच्या स्वरूपाकडे पाहून तेथें विशिष्ट गाड्यांना बंदी करण्याची तरतूद झाली. लगेच दुसरें महायुद्ध आलें आणि लष्करी लॉऱ्यांपुढें हे आंकडे कागदावर राहिले. १९४३ च्या डिसेंबरांत नागपूरला सर्व प्रांतांच्या मुख्य इंजिनियरांची परिषद भरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्ह्याचे मोठे रस्ते, जिल्ह्याचे इतर रस्ते आणि गांवरस्ते अशी जी उतरंड आज आपल्या तोंडीं बसली आहे, ती या नागपूर योजनेची देणगी. योजनेचा हेतु उत्तम होता. तिचा एक परिणाम असा कीं, प्रत्येक रस्त्याला जात मिळाली, आणि गाडीला मात्र सगळ्या जातींच्या रस्त्यांवरून जाण्याची मोकळीक राहिली.

महाराष्ट्रांत १९६२ मध्यें जिल्हा परिषदा आल्या. जिल्ह्याचे इतर रस्ते व गांवरस्ते त्यांच्याकडे, वरचे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, महामार्ग केंद्राकडे. पूर्व खानदेशाचें नांव जळगांव व पश्चिम खानदेशाचें धुळें झालें होतें. १९९८ मध्यें धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. गांवरस्ता बांधतांना त्यावरून दिवसाकांठीं थोडीं जड वाहनें जातील असेंच गृहीत धरलेलें असतें, म्हणून त्याचा थर पातळ असतो. पण रावेर-सावद्याच्या केळीचा ट्रक मळ्यापासूनच भरतो, आणि गिरणेच्या पात्रांतील वाळूचा डंपर गांवरस्त्यानेंच वर येतो. महामार्गावर पोंचण्यापूर्वींचे ते चार-सहा मैल ज्या परिषदेनें बांधले, तिच्याजवळ ना कांटा, ना शिपाई, ना दंड करण्याचा हक्क.

शहरांची गोष्टहि याहून फार निराळी नाहीं. गल्लींत किंवा बाजारपेठेंत दिवसा जड वाहनांना प्रवेश बंद, अशी पाटी लावतां येते. पण सुरत-नागपूर महामार्ग वर्षानुवर्षें जळगांव शहराच्या मधूनच जात असे. शाळेला जाणारीं मुलें, सायकली आणि राष्ट्राच्या एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास चाललेले ट्रक यांना एकच वाट. बाजूनें समांतर रस्ते व्हावेत म्हणून नागरिकांनीं आंदोलनें केलीं, कारण त्या रस्त्यावर ट्रक बंद करणें नगरपालिकेच्या किंवा २००३ मध्यें झालेल्या महानगरपालिकेच्या हातचें नव्हतें. रस्ता शहराच्या पोटांतून जात होता, शहराचा नव्हता.

सध्यांचा कायदा १९८८ चा. त्याच्या ११४ व्या कलमानें, अधिक वजन भरलें असल्याचा संशय आल्यास अधिकारी गाडी जवळच्या कांट्यावर न्यावयास लावूं शकतो, आणि वजन अधिक निघाल्यास जादा माल मालकाच्या जबाबदारीवर उतरवून घेऊं शकतो. ११५ व्या कलमानें सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्ता-पुलाचें स्वरूप पाहून वाहनांना बंदी करतां येते. ती महिन्याहून अधिक मुदतीची असेल तर राजपत्रांत प्रसिद्ध करावी लागते. महिन्याच्या आंतली असेल तर स्थानिक प्रसिद्धि पुरते. जिल्ह्यांत असा आदेश बहुधा जिल्हाधिकारी काढतात. २०१९ च्या दुरुस्तीनें जादा वजनाचा दंड २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनामागें २,००० रुपये असा झाला. आंकडा भीति वाटावी असा आहे, परंतु कांट्यावर गेल्याशिवाय तो लागू होत नाहीं.

याच्या वर्षभर आधीं, जुलै २०१८ मध्यें, केंद्र सरकारनें आंसावरील वजनाची मर्यादाच वाढविली. चार टायरांच्या एका आंसावर पूर्वीं १०.२ टन चालत, ते ११.५ झाले, दोन आंसांच्या ट्रकाचें एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ वर गेलें. वाढ पाहिली तर थोडी. पण रस्त्याचें गणित सरळ त्रैराशिकाचें नाहीं. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवून जी परीक्षा घेण्यांत आली, तिच्यावरून असें दिसून आलें कीं, आंसावरचें ओझें वाढलें म्हणजे रस्त्याची हानि सुमारें त्याच्या चतुर्थ घातानें वाढते. ओझें दुप्पट तर हानि सोळापट. या हिशेबानें आठवा हिस्सा वाढविलेल्या त्या मर्यादेमुळें पूर्ण भरलेला प्रत्येक आंस रस्त्याला पूर्वींच्या सुमारें दीडपटीहून अधिक झिजवितो. वाहतूकदाराला भाड्यांत जो फायदा होतो तो त्याच दिवशीं त्याच्या हातीं येतो; झीज चार-दोन पावसाळ्यांनीं दिसते, आणि ती ज्याच्या दप्तरीं पडते तो वेगळा असतो. यापेक्षां टेंभुर्णीच्या गाडीचा हिशेब साधा होता. तेथें चार मण अधिक भरले तर बैल थांबत.

मर्यादा खरोखर पाळली गेली असें एक अलीकडचें उदाहरण खानदेशच्या सीमेवरच आहे. चाळीसगांवाहून कन्नडकडे सातमाळ्याची रांग चढणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. १८२५ मध्यें धरणगांवास भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम, त्याचें तें नांव. शेजारचें गौताळा अभयारण्यहि त्याच्या नांवासह ओळखलें जातें. घाट जुना, वळणें तीव्र, आणि धुळें-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग त्यांतूनच नेलेला. बैलांच्या जादा जोड्या लावून चढावयाच्या वाटेवर बहुचाकी ट्रक येऊं लागले, एखादा बंद पडला कीं तासन् तास रांगा लागत. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं अतिवृष्टीनें घाटांत दरडी कोसळल्या व वाहतूक बंद पडली. रस्ता दुरुस्त झाला, पण कोंडी राहिलीच. अखेर प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेलें, आणि न्यायालयाच्या आदेशावरून ११ ऑगस्ट २०२३ पासून घाटांत जड वाहनांना बंदी झाली. हलक्या गाड्यांना मोकळीक राहिली.

येथें लक्षांत घेण्यासारखें हें कीं, ही मर्यादा घालावयास ना ग्रामपंचायत पुरी पडली, ना जिल्हा परिषद. ट्रक मात्र थांबले नाहींत. धुळ्याकडून मराठवाड्यांत जाणारे जड ट्रक चाळीसगांवाहून न्यायडोंगरी, शिऊर बंगला या बाजूच्या रस्त्यांकडे वळविण्यांत आले. घाटावरचा भार कमी झाला. तो वाटेंतल्या त्या गांवांच्या रस्त्यांवर गेला, आणि तो घ्यावयाचा कीं नाहीं हें त्या गांवांना कोणीं विचारण्याचा प्रश्नच कायद्यांत कोठें नव्हता.